हरीण पडल्यानंतरची गोळी

अमेरिकेत दरवर्षी सुमारे 60 लाख पांढऱ्या शेपटीची हरणे शिकारीत मारली जातात. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून चितळ-सांबराच्या वाटेला जाणे हा गुन्हा आहे, त्यामुळे हा आकडा वाचून मराठी वाचकाच्या कपाळावर आठी पडली तर नवल नाही. पण तिथली कहाणी वेगळी आहे. विसावे शतक उजाडले तेव्हा बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी चाललेल्या बेबंद शिकारीमुळे ही हरणे जेमतेम काही लाख उरली होती. मग कायदे आले, हंगाम ठरले, परवान्याची पद्धत रुजली आणि आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. दरम्यान लांडगे आणि प्यूमा बऱ्याच भागांतून नाहीसे झाले. हरणांना आवर घालणारे फारसे कोणी राहिले नाही, जंगलातली कोवळी रोपे फस्त होऊ लागली, रस्त्यावर मोटारींना हरणे धडकणे नित्याचे झाले. म्हणून तिथली राज्ये शिकारीकडे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून पाहतात. शिकार मुळात असावी की नसावी, हा मोठा प्रश्न आहे आणि त्यावर प्रामाणिक मतभेद आहेत. पण जिथे ती कायदेशीर आहे आणि पुढेही राहणार आहे, तिथे शिकाऱ्याने दुकानातून कोणते काडतूस उचलावे, हा प्रश्नही तितकाच खरा आहे, कारण त्याची झळ शिकाऱ्यापलीकडे पुष्कळांना लागते. या प्रश्नाचे उत्तर आता पुरेसे स्पष्ट झाले आहे, असे माझे मत आहे. हरणासाठी गोळी घ्यायची तर ती तांब्याची घ्यावी, शिशाची घेऊ नये.

शिकाऱ्यांमध्ये वाद रंगतो तो मात्र बहुधा वेगळ्याच गोष्टीवर. काडतूस म्हणजे एक पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. खोक्यावर लिहिलेले असते ‘.308 विंचेस्टर, 150 ग्रेन’. यातला पहिला आकडा गोळीचा व्यास इंचात सांगतो, म्हणजे इथे 7.82 मिलिमीटर. दुसरा तिचे वजन सांगतो. ग्रेन हे जुने वजन, आणि 150 ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. .30-06 हे अमेरिकी सैन्याने 1906 मध्ये स्वीकारलेले काडतूस पुढे शिकाऱ्यांचे लाडके झाले. .270 विंचेस्टर 1925 मध्ये आले, .308 1952 मध्ये, .243 1955 मध्ये आणि 6.5 क्रीडमूर 2007 मध्ये. यांतले कोणते श्रेष्ठ यावर चर्चा झडतात, मासिकांची पानेच्या पाने भरतात. खरे सांगायचे तर हरणापुरता हा वाद केव्हाच निकालात निघालेला आहे. ही सगळी काडतुसे सत्तर-ऐंशी किलोच्या हरणाला पुरून उरतात. कोलोरॅडो राज्याचा नियमच पाहा. हरणासाठी गोळीचा व्यास किमान .24 इंच असावा, ती आघाताने पसरणारी असावी, वजन किमान 70 ग्रेन असावे आणि 100 यार्डांवर तिच्यात 1000 फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक असावी. वर नावे घेतलेली काडतुसे ही अट सहज पार करतात. हरीण पटकन आणि कमी यातनेने मरते ते गोळी हृदय-फुप्फुसांच्या भागात लागली तर, आणि पुढच्या पायामागचा हा भाग जेमतेम वीतभर रुंद असतो. तिथे गोळी लागायची तर नेम हवा, आणि नेम धरायचा तर खांद्याला बसणारा धक्का सोसवायला हवा. बारीक अंगकाठीच्या किंवा नवशिक्या माणसाने मोठेपणासाठी दणकट काडतूस घेतले की घोडा दाबताना तो दचकतो आणि हरीण जखमी होऊन पळते. त्याच्यासाठी .243 हे .30-06 पेक्षा केव्हाही दयाळू. कॅलिबरबद्दल बोलण्यासारखे याहून अधिक फारसे नाही.

खरी निवड गोळीच्या अंगातली आहे, म्हणजे ती कशाची बनली आहे आणि हरणात शिरल्यावर तिचे काय होते, यातली. या बाबतीत युद्ध आणि शिकार यांचे नियम उलटे आहेत, आणि त्या उलटेपणाचा एक धागा भारतापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोलकात्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यात ब्रिटिशांनी टोक उघडे ठेवलेली गोळी बनवली. शरीरात शिरताच ती फुलायची आणि भयानक जखम करायची. 1899 च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरण्यावर बंदी आली, आणि डमडम हे नाव जगभर त्या गोळीला चिकटले. शिकारीत मात्र न फुलणारी गोळी क्रूर ठरते. सैन्यात चालणारी पूर्ण कवचाची गोळी हरणातून सुईसारखी आरपार जाते, आतले अवयव फारसे न फाडता, आणि ते जनावर कुठेतरी झुडपात तासन् तास तडफडत मरते. म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणावर अशी गोळी झाडायला मनाई आहे. गोळीने आत शिरावे, फुलावे, पण फुटून विरून जाऊ नये आणि खोलवर पोहोचावे. शंभराहून अधिक वर्षे गोळी बनवणारे या तीन गोष्टींचा मेळ घालायला धडपडत आले आहेत.

शिसे या कामी पुढे आले ते साहजिक होते. ते मऊ असते, स्वस्त असते, जड असते आणि कमी उष्णतेवर वितळते. काळ्या दारूच्या जमान्यात गोळीचा वेगही कमी असे, तेव्हा नुसत्या शिशावर भागायचे. धूर न करणारी दारू आली, वेग दुपटीने वाढला आणि नुसते शिसे नळीतच घासून चिकटू लागले. मग शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच चढवून टोकाला थोडे शिसे उघडे ठेवायची रीत पडली. आजही सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक खपणाऱ्या गोळ्या याच घडणीच्या आहेत. जवळच्या अंतरावरून, वेग भरपूर असताना, हाडावर आदळली की ही गोळी फुटून जाते, ही तक्रार जुनी. 1946 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूस या प्रचंड हरणावर जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या अशाच वाया गेल्या. त्यांनी गोळीच्या मध्यभागी तांब्याची आडवी भिंत घातली, म्हणजे पुढचा भाग फुटला तरी मागचा शाबूत राहील, आणि 1948 मध्ये ती गोळी विकायला काढली. 1989 मध्ये बार्न्स कंपनीने शिसे पूर्णच वगळले आणि तांब्याचीच अखंड गोळी आणली. तिच्या टोकाला पोकळी असते. शरीरातले पाणी आणि मांस त्या पोकळीत दाबाने घुसते आणि टोक उलगडून चार पाकळ्या बाहेर वळतात. बाहेर काढलेली अशी गोळी तळहातावर घेतली तर तिचे जवळजवळ सगळे वजन भरते. शिशाची गोळी काढली तर अनेकदा तिचा तिसरा हिस्सा, कधी अर्धा, गायब असतो. ही गळती नॉस्लरसारख्यांना खुपली ती गोळी खोल जात नाही म्हणून. गळालेले शिसे जाते कुठे, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

त्याचे उत्तर एक्स-रेने दिले. 2002 ते 2004 या काळात संशोधकांनी परवानाधारक शिकाऱ्यांकडून हरणांची कलेवरे आणि जंगलात टाकून दिलेले आतड्यांचे ढीग मिळवले आणि त्यांचे एक्स-रे काढले. शिकारी हरीण जागेवरच साफ करतो, कोथळा आणि फुप्फुसे तिथेच सोडतो आणि धड घरी नेतो. असे 20 ढीग तपासले गेले आणि त्यांतल्या 90 टक्क्यांत शिशाच्या गोळीचे तुकडे सापडले. पाच ढिगांत तर प्रत्येकी 200 पेक्षा जास्त तुकडे होते. एक्स-रेच्या काळ्या पार्श्वभूमीवर ते पांढऱ्या धुळीसारखे पसरलेले दिसतात, काही तर इतके बारीक की बोटांना जाणवणारही नाहीत. याउलट तांब्याच्या गोळीने मारलेल्या चार अख्ख्या हरणांत मिळून सहा तुकडे निघाले. 2008 मध्ये मिनेसोटा राज्याच्या निसर्गसंपदा विभागाने मेंढ्यांच्या कलेवरांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. पटकन फुलणाऱ्या शिशाच्या एका गोळीने सरासरी 141 तुकडे सोडले, तांब्याच्या गोळीने दोन. जखमेभोवतीचे मांस कापून टाकले की झाले, असे शिकारी पिढ्यान् पिढ्या मानत आले होते, पण तुकडे जखमेच्या वाटेपासून वीतभराहून लांब गेलेले आढळले. त्याच चाचणीत कळलेली आणखी एक गोष्ट व्यवहाराची आहे. कलेवर पाण्याने धुतले की जखमेजवळचे शिसे कमी होते खरे, पण तेच पाणी ते दुसऱ्या भागांवर पसरवते.

आता ते आतड्यांचे ढीग कोण खाते ते पाहू. कॅलिफोर्नियाचे काँडोर हे उत्तर अमेरिकेतले सर्वांत मोठे गिधाड. पंख पसरले की ते नऊ फुटांहून रुंद दिसते. 1982 मध्ये जगात असे 22 पक्षी उरले होते. 1987 मध्ये जंगलातला शेवटचा पक्षी पकडून पिंजऱ्यात आणला गेला, तिथे त्यांची पैदास केली गेली आणि 1992 पासून त्यांना पुन्हा मोकळे सोडायला सुरुवात झाली. आज पिंजऱ्यातले आणि मोकळे धरून पाचशेहून अधिक काँडोर आहेत, आणि ही संवर्धनाच्या इतिहासातली मोठी कामगिरी आहे. पण मोकळे सोडलेले पक्षी मरतात कशाने, याचा तपास केला तेव्हा प्रौढ पक्ष्यांत, ज्यांच्या मृत्यूचे कारण कळू शकले त्यांतल्या 67 टक्के पक्ष्यांना शिशाची विषबाधा झालेली निघाली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या मोकळ्या काँडोरांपैकी दरवर्षी सुमारे 20 टक्के पक्ष्यांच्या रक्तात इतके शिसे आढळले की त्यांना पकडून शिसे बाहेर काढणारे औषध द्यावे लागे. हे शिसे गोळ्यांतूनच येते कशावरून, हा प्रश्न रास्त आहे. वेगवेगळ्या उगमांच्या शिशात त्याची समस्थानिके, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, निरनिराळ्या प्रमाणांत असतात आणि ते प्रमाण उगमाची खूण पटवते. काँडोरांच्या रक्तातले प्रमाण बहुतेक वेळा दुकानातल्या गोळ्यांशी जुळले. गिधाडाच्या पोटातले आम्ल फार तीव्र असते. कुजलेल्या मांसातले जंतू मारायला त्याला ते लागतेच, पण तेच आम्ल शिशाचा बारीक तुकडा विरघळवून रक्तात मिसळून टाकते. तुकडा जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग प्रमाणाने मोठा, आणि विरघळणे तितके जलद. काँडोरची मादी साधारण दोन वर्षांतून एक अंडे घालते. अशा पक्ष्यात प्रौढ जोडीतला एक गेला की ती तूट भरून यायला बरीच वर्षे लागतात.

काँडोर मोजके आहेत म्हणून तो अपवाद समजावा, असे कुणाला वाटेल. तर 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेला अभ्यास पाहावा. अमेरिकेतल्या 38 राज्यांतून 2010 ते 2018 या काळात गोळा केलेल्या 1,210 गरुडांची तपासणी झाली. टकल्या गरुडांत आणि सोनेरी गरुडांतही जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेले शिसे सापडले. या विषबाधेमुळे टकल्या गरुडांच्या वाढीचा वेग दरवर्षी सुमारे 4 टक्क्यांनी आणि सोनेरी गरुडांचा सुमारे एका टक्क्याने मंदावतो, असा हिशेब निघाला. टकला गरुड हा त्या देशाचा राष्ट्रीय मानाचा पक्षी आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या शिकारी पक्ष्यांच्या रुग्णालयात शिशाने आजारी गरुडांची गर्दी होते ती नेमकी हरणांच्या शिकारीच्या हंगामात आणि त्याच्या पाठोपाठ. पक्ष्याला उभे राहता येत नाही, पंख लोंबतात, श्वास घरघरतो. वाचवता आले तरी त्याची दृष्टी आणि मेंदू पूर्ववत होतील याची खात्री नसते.

आणि माणूस? 2008 मध्ये नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांना वाटण्यासाठी शिकाऱ्यांनी दान केलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटे एका डॉक्टरांनी सीटी स्कॅनखाली घातली आणि त्यांत शिशाचे कण निघाले. राज्याने ते मांस वाटू नका, टाकून द्या, असे अन्नछत्रांना सांगितले. वायोमिंगमध्ये 30 हरणांचा खिमा तपासला गेला तेव्हा 234 पाकिटांपैकी 32 टक्क्यांत धातूचे तुकडे आढळले. तुकडे असलेला खिमा डुकरांना खायला घातला तर दोन दिवसांत त्यांच्या रक्तातले शिसे सरासरी 2.29 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर गेले. तुकडे नसलेले हरणाचे मांस खाल्लेल्या डुकरांत ते 0.63 होते. म्हणजे तुकडे गिळले की ते तसेच बाहेर पडतात, हा समज टिकत नाही. माणसांवरचा पुरावा तपासताना मात्र अतिशयोक्ती टाळायला हवी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नॉर्थ डकोटातल्या 738 लोकांचे रक्त तपासले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांत शिसे सरासरी 0.30 मायक्रोग्रॅमने जास्त होते, आणि त्या काळी धोक्याची मानली जाणारी 10 मायक्रोग्रॅमची पातळी कुणीही ओलांडलेली नव्हती. आमच्या आज्या-पणज्या हेच मांस खाऊन म्हाताऱ्या झाल्या, असे म्हणणारे शिकारी या आकड्यांकडे बोट दाखवतात. पण शिशाचा घाव मोठ्या माणसावर सहसा दिसत नाही. तो बसतो लहान मुलाच्या आणि पोटातल्या बाळाच्या वाढत्या मेंदूवर, आणि तिथे शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक असल्याचे आढळलेले नाही. म्हणून तर त्या केंद्राने मुलांसाठी लक्ष द्यायची पातळी खाली आणत आणत 2021 मध्ये 3.5 वर नेली. पेट्रोलमधून, रंगातून, नळांतून शिसे हटवायला एवढा खर्च करणाऱ्या समाजाने घरच्या कढईत ते आपल्या हाताने घालावे, याला काही अर्थ नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप शिकाऱ्यांचाच आहे. तांब्याची गोळी तितकी मारक नाही, ती नीट फुलत नाही, हरीण जखमी होऊन पळते, आणि गिधाड वाचवायला हरणाचे हाल करणे हा कुठला न्याय, असे ते विचारतात. या प्रश्नात माया आहे, त्यामुळे त्याला नीट उत्तर द्यायला हवे. पहिल्या पिढीच्या तांब्याच्या गोळ्यांत दोष होते, काही फुलत नसत, काही नळीत तांब्याचा थर सोडत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यांच्या अंगावर खाचा आल्या, टोकाशी प्लास्टिकची चोच आली, आणि ती चोच आघाताने मागे सरकून पाकळ्या उघडायला मदत करते. डेन्मार्कमध्ये शिकारीत मारलेल्या सहाशेहून अधिक जनावरांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गोळी लागल्यावर जनावर किती अंतर पळते, यात शिशाची गोळी आणि शिशाविना गोळी यांत व्यवहारात जाणवेल असा फरक आढळला नाही. तरीही तांबे म्हणजे शिशाची हुबेहूब जागा घेणारी वस्तू नव्हे, आणि निवड करताना इथेच डोके वापरावे लागते. शिशाची घनता घनसेंटिमीटरला 11.34 ग्रॅम, तांब्याची 8.96. म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर राहायला नळीतले आटे अधिक पिळाचे असावे लागतात, आणि जुन्या रायफलींत ते नसतात. म्हणून एक पायरी हलके वजन घ्यावे. .308 मध्ये शिशाची 150 ग्रेनची गोळी वापरणाऱ्याने तांब्याची 130 ग्रेनची घ्यावी. तांब्याची गोळी वजन गमावत नाही, त्यामुळे हलकी असूनही ती जड शिशाइतकीच किंवा जास्त खोल जाते. शिवाय हलकी म्हणून ती वेगाने निघते आणि खांद्याला धक्का कमी बसतो. तांब्याला वेग मात्र लागतोच. सेकंदाला साधारण 550 ते 600 मीटरच्या खाली अनेक गोळ्यांच्या पाकळ्या धड उघडत नाहीत, आणि खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ही खालची मर्यादा दिलेली असते. .308 किंवा .30-06 चालवणाऱ्याला तीनशे मीटरच्या आत तिची चिंता नाही, आणि अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दाट झाडीत बहुतेक हरणे शंभर मीटरच्या आतच टिपली जातात. अडचण येते ती 1895 च्या .30-30 सारख्या संथ काडतुसाला. त्यासाठी कमी वेगात उघडणाऱ्या खास तांब्याच्या गोळ्या निघाल्या आहेत, पण दीडशे मीटरपलीकडे त्या रायफलीने हात आवरावा हेच बरे. तसे ते शिशाच्या गोळीलाही लागू होते. आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. गोळी बदलली की नेमाचा बिंदू हलतो, म्हणून हंगामापूर्वी त्याच गोळीने कागदावर नेम पुन्हा जुळवून घ्यावा. दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या झाडून पाहाव्यात, कारण एकाच रायफलीला एक मानवते आणि दुसरी मानवत नाही. तांब्याच्या गोळीबद्दलच्या बऱ्याच तक्रारी या जुळवाजुळवीच्या आळसातून आलेल्या असतात.

किमतीचा आक्षेप खरा आहे, पण लहान आहे. तांब्याचे काडतूस महाग पडते. पण एका हरणामागे एक, फार तर दोन काडतुसे लागतात. परवाना, पेट्रोल, कपडे, दुर्बीण आणि मांस कापून घेण्याची मजुरी यांच्यापुढे हा फरक किरकोळ ठरतो. सरावासाठी स्वस्त शिसे वापरायचे तर चांदमारीच्या मैदानावर वापरता येते, तिथला मातीचा बांध कुणी खायला येत नाही. तांबेही विषारीच की, असेही कुणी म्हणतो. पाण्यातल्या जिवांना ते जास्त प्रमाणात बाधते हे खरे. पण सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या शरीराला तांबे थोड्या प्रमाणात लागते, आणि जादा तांबे बाहेर टाकायची व्यवस्था त्यांच्याकडे असते. शिशाचा शरीराला काडीचाही उपयोग नाही, आणि ते हाडांत वर्षानुवर्षे दबा धरून बसते.

राहिला राजकीय आक्षेप. शिशाला हात घालणे म्हणजे शिकारीला आणि बंदुकीला हात घालण्याची पहिली पायरी आहे, अशी भीती तिथे फार खोल गेली आहे. 2017 च्या जानेवारीत ओबामा सरकारच्या शेवटच्या दिवशी केंद्रीय वन्यजीव विभागाने आपल्या जमिनींवर शिसे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला, आणि नव्या सरकारने तो मार्चमध्येच रद्द केला. अशा ओढाताणीत पुरावा बाजूला पडतो आणि माणसे गटात उभी राहतात. पण शिकाऱ्यांचाच इतिहास या भीतीला उत्तर देतो. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या, आता 11 टक्क्यांपर्यंत असलेल्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना मिळू लागला, आणि शिकाऱ्यांनी तो कर अभिमानाने सोसला. 1991 पर्यंत पाणथळीतल्या बदकांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी आली. तेव्हाही बदकांची शिकार संपणार अशी ओरड झाली होती, आणि ती शिकार आजही सुरू आहे. बंदी हाच मार्ग आहे असेही नाही. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये कायदा केला आणि 1 जुलै 2019 पासून सर्व शिकारीत शिसे बंद केले. शेजारच्या ॲरिझोनाने जबरदस्ती केली नाही. 2005 पासून तिथल्या राज्य विभागाने काँडोरांच्या पट्ट्यातल्या शिकाऱ्यांना शिशाविना काडतुसे फुकट दिली, ज्यांना शिसे वापरायचे असेल त्यांनी आतडी जंगलात न सोडता बाहेर आणावीत असे सुचवले, आणि बहुसंख्य शिकारी स्वखुशीने सामील झाले. डेन्मार्कने छऱ्यांतले शिसे 1996 मध्येच बंद केले होते, 1 एप्रिल 2024 पासून रायफलच्या गोळीतलेही केले. स्कॉटलंडने 2023 मध्ये हरणांसाठीच्या गोळीची किमान वजनमर्यादा 100 ग्रेनवरून 80 वर आणली. हलक्या तांब्याच्या गोळीला कायद्यात जागा मिळावी, हेच त्यामागचे कारण होते. लहान कॅलिबरच्या रायफली वापरणाऱ्यांना कायद्यानेच अडवू नये, याचा विचार तिथे झाला. अशी दुरुस्ती मला भाषणांपेक्षा महत्त्वाची वाटते.

मराठी वाचकाला या प्रकरणात ओळखीचे काही दिसत असेल, तर ते आपल्या गिधाडांमुळे. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडे कोसळू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर 99 टक्क्यांहून अधिक घटली. कारण 2004 मध्ये उघड झाले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. 2006 मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी ते बंद केले. तेव्हा शेतकऱ्याने गुरे पाळणे सोडावे असे कुणी म्हटले नाही, किंवा दुखणाऱ्या जनावराला औषधच देऊ नका असेही म्हटले नाही. मेलोक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध उपलब्ध होते, ते द्या, एवढेच म्हटले. शिशाच्या बाबतीतही मागणी तेवढीच आहे. फरक इतकाच की डायक्लोफेनॅकचा घोळ कुणाला ठाऊक नव्हता, आणि शिशाचा एक्स-रे समोर आहे.

मिनेसोटापासून न्यू जर्सीपर्यंत राहणाऱ्या मराठी घरांत शिकार करणारे थोडे, पण शेजाऱ्याने किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याने प्रेमाने हरणाचे मांस आणून दिले तर ते घेणारे असू शकतात. त्यांनी ते घेताना गोळी कशाची होती, एवढे जरूर विचारावे. शिशाची असेल तर खिमा घेऊ नये, कारण जखमेजवळचे तुकडे दळताना सगळीकडे मिसळतात. मागच्या मांडीचे किंवा पाठीचे, जखमेपासून दूरचे अखंड मांस घ्यावे, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर तेही नको म्हणावे. तांब्याची असेल तर घ्यायला हरकत नाही. ज्या शिकाऱ्याकडे अजून शिशाची काडतुसे शिल्लक आहेत, त्याने ती सरावात संपवावीत. हंगामात तीच वापरावी लागली, तर आतड्यांचा ढीग खोल पुरावा किंवा पिशवीत भरून बरोबर आणावा. वर नुसती माती लोटून भागत नाही, कोल्हे आणि कोयोटी ती उकरून काढतात आणि मग पक्षी येतात.